बिनलग्नाचा मांडव

घाबरणं ही कला मानली, तर माझा साडू हा तिचा यवतमाळ जिल्ह्यातला एकमेव हयात उस्ताद आहे. बाकीचे आपण सगळे हौशी. आपण काही घडल्यावर घाबरतो, फार तर घडेलसं वाटल्यावर. तो मात्र घडून गेलेल्या, न घडलेल्या आणि कधीच घडू न शकणाऱ्या अशा तिन्ही प्रकारच्या गोष्टींना सारख्याच निष्ठेने घाबरतो. गॅसचा सिलिंडर बदलायचा असला की तो घरातल्या सगळ्यांना अंगणात उभं करतो आणि मग स्वतःही अंगणात येऊन उभा राहतो, त्यामुळे सिलिंडर शेवटी माझ्या मेहुणीलाच बदलावा लागतो. वीज चमकायला लागली की मोबाईल गव्हाच्या कोठीत जातो. सासरे नागपूरच्या दवाखान्यात होते तेव्हा लिफ्टच्या भीतीने हा सहा मजले जिन्याने चढला, आणि वर पोचल्यावर इतका धापा टाकत होता की नर्सने सासऱ्यांना बाजूला ठेवून आधी याचा रक्तदाब घेतला. तो जास्त निघाला. त्या दिवसापासून तो रक्तदाबाच्या यंत्रालाही घाबरतो. "सावध राह्यलेलं बरं, साडूभाऊ," असं तो प्रत्येक वेळी म्हणतो, आणि म्हणताना एकदा मागे वळून पाहतो.

अशा माणसाने पोटासाठी एखादं बसायचं काम शोधायला हवं होतं. याने बिछायत केंद्र काढलं. लग्नाचा मांडव, गाद्या, खुर्च्या, ताटं, पातेली भाड्याने देणाऱ्या दुकानाला आमच्याकडे बिछायत केंद्र म्हणतात. घरात खुर्चीवर चढून पंखा पुसायला नकार देणारा हा माणूस मांडवाच्या वीस फुटी लाकडी बल्लीवर अनवाणी पायांनी सरसर चढतो, वर गेल्यावर दोन्ही हात सोडून सुतळीची गाठ मारतो आणि खाली उभ्या असलेल्या वधूपित्याशी जेवणातल्या वांग्याच्या भाजीवर गप्पा मारतो. मी एकदा त्याला याबद्दल विचारलं. तो म्हणाला, "वर काय भेवाचं आहे? बल्ली म्या गाडली, गाठ म्या मारली. भेव खालीच असते, साडूभाऊ. खाली सगळं दुसऱ्यानं बांधलेलं राहते."

एकदा झरी जामणीकडच्या एका जंगलातल्या गावात हातपंपाचं लोकार्पण होतं. हातपंप एक होता, पण साहेब मोठे होते, म्हणून दोनशे खुर्च्यांची ऑर्डर होती. साडू सकाळीच माल घेऊन पोचला, आणि गावातल्या कोणीतरी सहज सांगितलं की परवा तुरीच्या शेतात वाघ दिसला होता. दुपारी साहेब आपल्या ताफ्यासह आले तेव्हा मांडव सजलेला होता, हातपंपाला फीत बांधलेली होती, आणि दोनशेच्या दोनशे खुर्च्या एकावर एक रचून मांडवाच्या कोपऱ्यात एक गोल किल्ला उभा होता. किल्ल्याच्या आत साडू होता. गावातल्या एका कोलाम आदिवासी म्हाताऱ्याने त्याला बाहेरून बरंच समजावलं. वाघ आला तर खुर्च्या आधी वाचवाव्या लागतील, असं उत्तर आतून आलं. साहेबांना उभ्यानेच भाषण करावं लागलं, त्यामुळे ते सात मिनिटांत संपलं. त्या गावात साडूला अजूनही मान आहे असं ऐकतो.

घराची गोष्ट अशाच एका मांडवातून सुरू झाली. एका बँकेने शहरात गृहकर्ज मेळावा भरवला होता. मांडवाचं काम साडूकडे आलं. सकाळी मांडव टाकायला गेलेला माणूस संध्याकाळी कर्जाचा अर्ज भरून आला. आत्तापर्यंत ज्याला उधारीच्या साखरेचीही भीती वाटायची, त्याने वीस वर्षांच्या कर्जावर सही कशी केली, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. नंतर कळलं की मेळाव्यात त्याला कोणीतरी "सर" म्हणालं होतं. मंजुरीच्या दिवशी मीही हजर होतो. शाखेत हार होते, पेढे होते, आणि पुठ्ठ्याची तीन फुटी सोनेरी किल्ली होती. ती साडूच्या हातात देऊन फोटो काढला आणि लगेच परत घेतली, कारण मागे रांगेत आणखी चार घरमालक उभे होते. कर्ज देण्याच्या समारंभांना बँका जेवढी माणसं बोलावतात, तेवढी ते वसूल करायलाही पाठवतात. फक्त दुसऱ्या वेळी हार नसतो. हे वाक्य मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण पेढा तोंडात होता.

दारव्हा रोडच्या मागे नव्याने प्लॉट पाडलेल्या एका ले-आउटमध्ये घर झालं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओटा, गच्चीवर जाणारा जिना आणि मागे गाद्या-खुर्च्यांचं गोदाम. ओट्यावर बसून साडू चहा प्यायचा तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर क्वचित एखादा क्षण असा यायचा की त्याला भीती वाटत नाहीये असं वाटावं. काही वर्षं हप्ते नीट गेले. मग लग्नंच थांबली तो काळ आला, आणि लग्नं पुन्हा सुरू झाली तेव्हा ती गावाबाहेरच्या मोठाल्या लॉनवर गेली. तिथे मांडव, खुर्च्या, फुगे, धूर सोडणारं यंत्र सगळं लॉनवाल्याचंच असतं. मध्यंतरी काही महिने हप्त्यांना सवलत मिळाली होती. ती सवलत म्हणजे माफी, असा साडूने सोयीचा अर्थ लावला आणि तो अर्थ चुकीचा असेल या भीतीने तो कोणाला विचारला नाही. सवलत संपली. एक हप्ता राहिला, मग दुसरा, मग तिसरा. आणि पाकिटं यायला लागली.

माझा साडू सगळ्यात जास्त घाबरतो ते कागदाला. त्याचं एक शास्त्र होतं, आणि ते त्याने मला ओट्यावर बसून पूर्ण गांभीर्याने समजावून सांगितलं होतं. "पाकीट उघडलं नाही म्हणजे आतलं काही झालंच नाही. मले वाचून कोणी दाखवलं का? नाही ना? मग मले काय माहीत!" नोंदणीकृत पत्र घेऊन पोस्टमन आला की तो मागच्या दाराने गोदामात जायचा. मेहुणीने सही करून घेतलेली पाकिटं तो तिच्याकडून दोन बोटांनी धरून न्यायचा आणि गोदामातल्या सगळ्यात खालच्या गादीखाली ठेवायचा. वर अडतीस गाद्या. मी एकदा म्हणालो, अरे, निदान बँकेत जाऊन एकदा बोलून तरी ये. तो माझ्याकडे असा पाहत राहिला की जणू मी त्याला झरी जामणीच्या त्या तुरीच्या शेतात एकटं जायला सांगतोय.

हसण्यासारखं हे इथवरच होतं.  वसुलीची दोन माणसं मोटरसायकलवर यायला लागली. ती ओरडत नसत, शिव्या देत नसत. ती साडूच्याच दोन खुर्च्या मागून घेत, ओट्यासमोर रस्त्यावर मांडत आणि तासभर नुसती बसून राहत. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी कोण पाहुणे म्हणून विचारलं की ती नम्रपणे खरं सांगत. माझी मेहुणी पुढची खिडकी उघडेनाशी झाली. ती, साडू आणि त्यांची मुलगी अशी तिघं आपल्याच घरात कुजबुजत बोलायला लागली. कुकरची शिट्टी झाली तरी साडू दचकून गॅस बंद करायचा, त्यामुळे त्या काळात त्यांच्याकडे मी अर्धवट शिजलेली डाळ बरीच खाल्ली. गाडीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की बोलता बोलता तिघंही एकाच वेळी थांबायची, आवाज पुढे गेला की पुढचं वाक्य सुरू व्हायचं. माणसं असं किती दिवस जगू शकतात हे मला माहीत नव्हतं. ती वर्षभर जगली.

मग एक दिवस बँकेच्या माणसांनी दाराशेजारच्या भिंतीवर कागद डकवला, आणि दोन दिवसांनी त्याच मजकुराची ताब्याची सूचना वर्तमानपत्रात आली: साडूचं पूर्ण नाव, घराच्या चारी बाजूंना काय आहे त्याचं वर्णन, आणि जनतेने या मालमत्तेचा व्यवहार करू नये असा इशारा. साडूला ते सकाळी सहाला कळलं. साडेसहाला तो चौकातल्या पेपरवाल्याकडे होता, आणि त्या पेपरचे तिथे होते तेवढे सगळे अंक त्याने विकत घेतले. पेपरवाला खूश झाला. "फोटो आला वाटते भाऊचा! कोणत्या पानावर?" असं म्हणून त्याने अंक उघडायला सुरुवात केली, तेव्हा साडूने तोही त्याच्या हातातून ओढून घेतला. पेपरवाल्याने दिवसभर चौकात सगळ्यांना सांगितलं की बिछायतवाल्या भाऊंचं काहीतरी मोठं छापून आलंय. संध्याकाळपर्यंत निम्म्या ले-आउटने तो पेपर दुसऱ्या चौकातून आणून वाचला होता.

त्यानंतर महिन्याभराने, एका गुरुवारी सकाळी, मेहुणीचा फोन आला. "भाऊजी, लवकर या. आज घराचा ताबा घ्याले येऊन राह्यले ते. पोलीस घेऊन. आन् तुमच्या साडूनं दारात मांडव टाकला."

"कसला मांडव?"

"लग्नाचा."

"कोणाच्या लग्नाचा?"

"ते त्यायलेच विचारा."

मी गेलो. आयुष्यात त्याने टाकलेला सगळ्यात देखणा मांडव तो असावा. लाल-पिवळ्या कापडाची झालर, आंब्याचे डहाळे, जांभळीचे डहाळे, दारावर झेंडूचं तोरण, चार ओळींत मांडलेल्या खुर्च्या. भिंतीवरच्या बँकेच्या कागदावर चिकटवलेलं गणपतीचं चित्र. साडू सफारी घालून दारात उभा होता आणि त्याच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. मला बाजूला घेऊन तो हलक्या आवाजात म्हणाला, "पंचवीस वर्षं झाले मांडव टाकून राह्यलो. मांडवाच्या दारात कोणी भांडाले येत नाही. पोलीसबी चप्पल काढून येते. आपल्या लोकायचं तेवढं तरी राह्यलं आहे."

"अरे, पण पोरीचं लग्न कुठे ठरलंय?"

"त्यायले कुठं माहीत आहे!"

अकराच्या सुमाराला गाडी आली. एक नायब तहसीलदार, हातात फाईल. बँकेची एक तरुण अधिकारी, सुती साडीतली. दोन पोलीस, आणि कुलूप-सील असलेली पिशवी घेतलेला एक माणूस. मी त्या पिशवीकडेच पाहत होतो. मेहुणी आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. सगळे मांडवाच्या तोंडाशी थबकले. आणि मग साडू म्हणाला होता तसंच झालं. दोघांतल्या थोराड पोलिसाने नकळत पायातले बूट काढले.

"अरे, भाऊ तुमी!" तो साडूला म्हणाला. "माह्या बहिणीच्या लग्नात मांडव तुमचाच होता की! घरचंच कार्य दिसते?"

"हो जी. बसा ना. च्या घ्या."

नायब तहसीलदारांनी फाईल उघडली, मांडवाकडे पाहिलं, फाईल मिटली. "लग्न कधी आहे?"

माझ्या साडूने तोंड उघडलं. आता हा तारीख सांगणार आणि सगळं संपणार, असं मला वाटलं. पण तो जे बोलला त्यात खोटं पकडायला एकही तारीख नव्हती. "अजून ठरून राह्यलं, साहेब."

चहा झाला. चिवडा झाला. बँकेची ती अधिकारी काहीच बोलली नाही. ती खुर्चीवर बसून आतल्या दाराकडे पाहत होती. निघताना नायब तहसीलदार म्हणाले, "मंगलकार्यात अडथळा नको. पण लग्न झालं की आम्ही येणार. तारीख कळवा." गाडी गेली आणि साडू मांडवातल्या पहिल्या ओळीतल्या खुर्चीवर बसला. वरपित्याची खुर्ची होती ती. 

या युक्तीत एकच खोट होती, आणि ती निदान बिछायतवाल्याच्या तरी ध्यानात यायला हवी होती. मांडव काढण्याचा दिवस हा लग्नानंतरच येतो. लग्नच नव्हतं. त्यामुळे तो मांडव काढता येईना. आठ दिवस झाले, पंधरा झाले. जांभळीचे डहाळे वाळले, ते बदलले. बोरी अरब गावच्या आत्याबाईंनी फोन करून आम्हाला पत्रिका का नाही म्हणून अबोला धरला. एक गृहस्थ तर आहेराची साडी घेऊनच हजर झाले, आणि तारीख ठरायचीय म्हणून सांगितलं तेव्हा साडी ठेवून गेले. साडूची मुलगी रेणुका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. काउंटरवर ताप-खोकल्याचं औषध घ्यायला आलेली माणसं तिचं अभिनंदन करू लागली. एका संध्याकाळी ती दुकानातून आली, मांडवातल्या खुर्चीवर पर्स आपटली आणि बापासमोर उभी राहिली.

"बाबा, मुलगा काय करते म्हणून विचारून राह्यले लोकं. मी काय सांगू?"

साडू तोरणातलं वाळलेलं झेंडूचं फूल काढायला लागला.

"नोकरीवाला पाह्यला का धंदेवाला, तेवढं तरी सांगून ठेवा मले. आन् पाकिटं कुठं आहेत?"

"कोणते पाकिटं?"

"बाबा!"

आम्ही गोदामात गेलो. अडतीस गाद्या मी आणि मेहुणीने मिळून बाजूला केल्या. पाकिटं एकवीस निघाली. रेणुकाला औषधांच्या पट्टीवरचं बारीक अक्षर वाचायची सवय आहे. तिने तारखा पाहून ती क्रमाने लावली आणि एकेक फोडून मोठ्याने वाचायला लागली. साडू दाराकडे तोंड करून बसला होता. त्याने कानांवर हात ठेवले नव्हते, पण ते कानांच्या बरेच जवळ होते.

शेवटची पाकिटं आम्हाला माहीत होती तशीच होती. साठ दिवसांची मागणी नोटीस, ताब्याची नोटीस, कलमं, उपकलमं. पण पहिली तीन पाकिटं साधी होती. पहिल्या पत्रात बँक विचारत होती की हप्ता भरायला काही अडचण आहे का, असेल तर शाखेत येऊन भेटावं. दुसऱ्यात लिहिलं होतं की उत्पन्न कमी झालं असेल तर तसे कागद आणावेत, कर्जाची मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल. तिसऱ्यात तेच पुन्हा, आणि खाली पेनाने कोणीतरी लिहिलं होतं, 'कृपया या महिन्यात या.' त्या महिन्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं.

रेणुकाने ते पत्र वाचलं आणि पुढचं उघडलं नाही.  साडू हळूच वळला. "पुन्हा वाच," तो म्हणाला. तिने पुन्हा वाचलं. तो म्हणाला, "म्हणजे हे मले बोलावून राह्यले होते?" आणि मग त्याने जे केलं ते मी आजपर्यंत विसरलेलो नाही. तो रडला नाही. तो हसला, एकदाच, आणि ते हसू ऐकून मेहुणी पटकन उठून त्याच्याजवळ जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी साडू, रेणुका आणि मी बँकेत गेलो. साडूला जिन्यापाशी दोनदा थांबावं लागलं. मांडवात आलेली तीच अधिकारी समोर होती. साडूने तिच्यासमोर हात जोडले आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं, "मॅडम, लग्न नाही. मांडव खोटा होता."

"माहीत आहे," ती म्हणाली. "बसा. लग्नघर होतं आणि आत भांड्यांचा एकही आवाज नव्हता."

"मग तुमी बोलले काहून नाही?"

"बोलून काय केलं असतं? त्या दिवशी कुलूप लावलं असतं. कुलूप लावलेल्या घराला लिलावात भाव येत नाही. तुमचं घर जातं आणि आमचं कर्जही पूर्ण फिटत नाही. त्यापेक्षा पंधरा दिवस गेलेले बरे." तिने फाईल पुढे ओढली. "पत्रं वाचली का?"

"काल," रेणुका म्हणाली.

बाईंनी मान हलवली. त्यांना आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं नाही. मग त्यांनी एकेक गोष्ट सांगितली, आणि शाळेत मुलाला सांगावी तशी सांगितली. मुदत वाढवायची वेळ गेली. थकलेलं सगळं एकदम भरलं तर खातं पुन्हा नियमित होऊ शकतं. ते शक्य आहे का? नाही. नागपूरच्या न्यायाधिकरणात दाद मागता येते, पण नोटीस चुकीची आहे असं काही दाखवायला हवं. आहे का तसं काही? रेणुकाने नाही म्हटलं. एकरकमी तडजोड मागता येते, पण त्यालाही हातात रक्कम लागते. "मग एकच राहतं," बाई म्हणाल्या. "लिलावाची जाहिरात अजून निघालेली नाही. ती निघायच्या आत गिऱ्हाईक तुम्ही शोधा. बँक लेखी संमती देईल. तुम्ही विकलंत तर बाजारभाव मिळेल, कर्ज फिटेल, आणि तुमच्या हातात थोडंफार उरेल. जाहिरात निघाली की मग माझ्या हातात काही राहत नाही."

 "म्हणजे घर जाते," साडू म्हणाला.

"घर जातं," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही देता. कोणी घेत नाही."

या वाक्यात फरक किती आहे हे मला तेव्हा कळलं नव्हतं, आणि सरकारी-बँकी गोड बोलण्यावर माझा विश्वासही नाही. पण साडूने त्या संध्याकाळी बल्लीवर चढून मांडवाच्या गाठी एकेक करून स्वतः सोडल्या. शेजारपाजारच्यांनी लग्न मोडलं असं समजून हळहळ व्यक्त केली. दोन बायका रेणुकाचं सांत्वन करायला घरी आल्या, आणि तिने त्यांना चहा करून पाजला. मी तिला म्हणालो, अगं, लोक तुझ्याबद्दल काय काय बोलतील. ती म्हणाली, "बोलू द्या, काका. मोडलेलं लग्न लोकं वर्षाभरात विसरतात." आहेराची ती साडी परत करायलाही तीच गेली.

गिऱ्हाईक महिन्याभरात मिळालं. बाभुळगावचे एक जिल्हा परिषदेचे शिक्षक, बायको आणि लहान मुलगी. व्यवहार झाला, कर्ज फिटलं, आणि उरलेल्यात शहराबाहेरच्या लोहारा भागात दोन खोल्या भाड्याने घेऊन साडूला गाद्या-खुर्च्यांसाठी एक शेडही मिळाली. घर ताब्यात देण्याच्या दिवशी मी त्याच्यासोबत गेलो होतो. सामान आधीच हललं होतं. किल्ल्या देऊन निघायचं एवढंच काम होतं. पण साडूने त्या शिक्षकाचा हात धरला आणि त्याला घर दाखवायला सुरुवात केली.

"हे दार पावसात फुगते. खांद्यानं ढकलू नका, खाली गुडघ्यानं ढकला. हा नळ उलटा बंद होते. दुपारी तीनच्या ठोक्याले गोदामाचा पत्रा वाजते. चोर नाही, ऊन आहे. मी पहिल्या साली पोलीस बोलावले होते. या भिंतीतून टिकटिक ऐकू येते, ते शेजारच्याचं घड्याळ आहे. मी मिस्त्री आणून भिंत फोडणार होतो. जिन्याच्या चौथ्या पायरीले भेग आहे, पण ती वाढत नाही. म्या दर महिन्याले पेन्सिलीनं खूण करून पाह्यली. हे पाहा खुणा."

खुणा खरंच होत्या. भेगेच्या टोकाशी बारीक रेघा, प्रत्येक रेघेशी तारीख, आणि भेग पहिल्या रेघेच्या पुढे एक केसभरही गेलेली नव्हती. दहा-बारा वर्षांतली त्या घरातली प्रत्येक भीती तो त्या माणसाला उत्तरासकट देत होता. शिक्षक आदराने ऐकत होते. दोन गोष्टी त्यांनी खिशातल्या वहीत लिहूनही घेतल्या. शेवटी साडू ओट्यावर आला आणि थांबला.

"तुमचं बी कर्जच असन?" त्याने विचारलं.

"हो ना. त्याच बँकेचं. वीस वर्षांचं," शिक्षक म्हणाले. "पुढच्या महिन्यापासून हप्ता सुरू."

साडूने त्यावर काही सांगितलं नाही. इतक्या वेळात पहिल्यांदाच. त्याने फक्त त्यांच्या लहान मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि किल्ल्या दिल्या.

आम्ही माझ्या स्कूटरवर निघालो. माझ्या गाडीवर मागे बसला की तो माझे दोन्ही खांदे असे काही आवळून धरतो की घरी गेल्यावर मला बाम लावावा लागतो. वळणावर तर त्याची नखं शर्टातून लागतात. त्या दिवशी पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, खांद्यांवर काहीच आलं नाही. मी आरशात पाहिलं. तो हात मांडीवर ठेवून, अंग सैल सोडून, रस्त्याकडे पाहत बसला होता.

"धर ना रे," मी म्हणालो.

"हो," तो म्हणाला. पण धरलं नाही.

मी गाडी हळू केली, आणि लोहाऱ्यापर्यंत ती तशीच हळू चालवत राहिलो.